दुचाकीचे कर्ज आणि विमा

प्रश्न : नव्या मोटारसायकलसाठी ९० हजारांचे कर्ज तीन वर्षांकरिता घ्यायचे आहे. वितरकाने १० टक्के ‘फ्लॅट’ व्याज सांगितले असून विमाही आपल्याकडूनच घ्यावा, असा त्याचा आग्रह आहे. काय करावे? (एक वाचक, कराड)

उत्तर : फ्लॅट दराला कृपया भुलू नका. त्यात फेडलेल्या मुद्दलावरही अखेरपर्यंत व्याज आकारले जाते; त्यामुळे तुम्हाला दरमहा ३,२५० रुपयांचा हप्ता आणि एकूण २७ हजार व्याज पडेल, म्हणजेच घटत्या शिलकीच्या (फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) हिशेबाने हा दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. १० टक्के घटत्या दराने हेच व्याज साडेचौदा हजारांच्या आसपास राहिले असते. सही करण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेले ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य बाबींचे पत्रक) मागून घ्या आणि त्यातला शुल्कासहित वार्षिक दर पाहा.

विमा कोठून घ्यायचा, हे तुम्हीच ठरवायचे आहे. पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या वाहनामुळे इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई देणारा) नव्या दुचाकीला सक्तीचा असून त्याचा हप्ता सरकार ठरवते. फरक पडतो तो स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात. त्यासाठी दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, मात्र हप्ता कमी दिसावा म्हणून वाहनाचे घोषित मूल्य घटवू देऊ नका, कारण चोरी झाल्यास भरपाई त्याच मूल्यावर ठरते.