मॅकबेथमधला शेतकरी फास का घेतो?

प्रश्न : शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकात (अंक २, प्रवेश ३) द्वारपाल गळफास घेतलेल्या शेतकऱ्याची टिंगल करतो. वर्गात कोणालाच हसू आलं नाही. पीक चांगलं येणार म्हणून कोणी जीव देतो का?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : यवतमाळात हसू न येणं साहजिकच आहे. पण हा कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी नाही, साठेबाज आहे. भाव चढेल म्हणून त्यानं धान्य दाबून ठेवलं. पुढचं पीक भरघोस दिसलं, भाव पडणार हे कळलं, आणि त्यानं फास घेतला. द्वारपाल त्याला म्हणतो, रुमाल भरपूर आण, इथं घाम फुटेल. इथं म्हणजे नरकात, कारण तो स्वतःला नरकाचा द्वारपाल समजून बोलतोय! उत्तरपत्रिकेत ‘गरीब शेतकरी’ लिहिलंत की सगळा अर्थ उलटा होतो.

साठेबाजांवरचा हा राग हवेतला नव्हता. १५९४ ते १५९७ इंग्लंडात ओळीनं पिकं बुडाली. १५८७ पासूनच सरकारी हुकूम होता : कोठारं तपासा, घरखर्च आणि बियाण्यापुरतं ठेवून उरलेलं बाजारात आणायला लावा. गंमत अशी, की फेब्रुवारी १५९८ मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डमध्ये झालेल्या धान्यसाठ्याच्या मोजणीत खुद्द त्याच्याच नावावर १० क्वार्टर माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं सातू, नोंदलेलं आहे. क्वार्टर हे आपल्या पायली-कुडवासारखं माप. १० क्वार्टर म्हणजे ८० बुशेल, साधारण २,९०० लिटर. काही शेजाऱ्यांकडे याहून जास्त होतं, हेही लिहा.

जोडीला शेक्सपिअरच्याच कोरिओलेनस नाटकाचा पहिला प्रवेश वाचा. तिथं भुकेले लोक सोटे घेऊन धान्य मागतात, आणि मेनेनियस हा रोमन सरदार त्यांना पोटाची गोष्ट (पोटावर रुसलेल्या अवयवांची) सांगत बसतो.