प्रदक्षिणा, परिवलन की परिभ्रमण?

प्रश्न असा : ‘परिवलन’ आणि ‘परिभ्रमण’ यांत प्राथमिकच्या मुलांचा हमखास गोंधळ होतो. त्याऐवजी सगळ्यांना कळणारा ‘प्रदक्षिणा’ हा शब्द का वापरू नये?

कारण ‘प्रदक्षिणा’ दोन्हीकडे चालते. देवळात मूर्तीभोवती फिरतो ती प्रदक्षिणा आणि आरती संपल्यावर जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतो तीही प्रदक्षिणाच. भूगोलात नेमक्या याच दोन गती वेगळ्या करायच्या असतात. गिरकी म्हणजे परिवलन, मूर्तीभोवतीचा फेरा म्हणजे परिभ्रमण.

मुलांना धातू सांगावेत, घोकंपट्टी वाचते. ‘वल्’ म्हणजे वळणे. आपलं ‘वळण’ त्यातलंच. ‘भ्रम्’ म्हणजे हिंडणे, भ्रमण, भ्रमंती. जागा सोडून हिंडायचं असेल तर भ्रमण, नुसतं वळायचं असेल तर वलन. एक अडचण मात्र आहे. परिवलन दाखवायला आपण भोवरा फिरवतो, आणि ‘भोवरा’ हा शब्द ‘भ्रम्’च्या घरातला! तेव्हा भोवरा जरूर फिरवा, त्याची व्युत्पत्ती त्या तासाला सांगू नका.

‘प्रदक्षिणा’ शब्दाची दुसरी खोच दिशेची. त्यात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. देव उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पृथ्वी उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिली तर सूर्याभोवती काट्यांच्या उलट जाते, सूर्य तिच्या डाव्या हाताला राहतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे होणारं तिचं परिवलनही तसंच उलटं. बोलताना ‘प्रदक्षिणा’ म्हणायला माझी हरकत नाही. दिशा विचारली की तो शब्द फसवतो.

चंद्रासाठी मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ, फेरा आणि गिरकी, एकदम उपयोगी पडतात. वर्गाच्या मधोमध खुर्चीवर एकाला बसवा. दुसऱ्याने डावा खांदा खुर्चीकडे ठेवून तिच्याभोवती एक फेरा मारावा. बसलेल्याला कायम डावाच खांदा दिसतो. मग चालणाऱ्याला विचारा, तोंड कोणकोणत्या भिंतींकडे झालं? चारही! म्हणजे एका फेऱ्यात त्याची स्वतःभोवतीही एक गिरकी झाली. चंद्राची दोन्ही कामं साधारण 27.3 दिवसांतच होतात, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. ‘चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही’ हे चुकीचं उत्तर इथंच खोडता येतं.

‘परिवलनाला 24 तास लागतात’ हेही ढोबळ आहे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची गिरकी 23 तास 56 मिनिटांत पुरी होते. पण तेवढ्यात ती कक्षेत सुमारे 1 अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा समोर यायला आणखी 1 अंश वळावं लागतं, त्याला 4 मिनिटं. आपल्या 24 तासांच्या दिवसात परिभ्रमणाचा असा वाटा आहे. ऋतूंबद्दल लिहिताना नुसतं ‘परिभ्रमणामुळे’ पुरत नाही, सुमारे 23.5 अंशांनी कललेला आस हवाच.

हिंदी पुस्तक हाताळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं : तिथं परिवलनाला ‘घूर्णन’ आणि परिभ्रमणाला ‘परिक्रमण’ म्हणतात.

आरतीनंतरच्या उजव्या गिरकीसारखा फिरणारा ग्रह हवाच असेल तर शुक्र घ्या. तो स्वतःभोवती उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतो, तेही इतक्या सावकाश की परिवलनाला 243 दिवस लागतात आणि परिभ्रमण 225 दिवसांतच उरकतं.