आरोग्य-शंका : बॉयलरची जुनी दोरी आणि आजचा खोकला

प्रश्न : बीड जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी 1986 ते 2017 या काळात फिटर होतो. ऑफ सीझनमध्ये बॉयलरच्या दारांवरची जुनी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी खरवडून काढणे आणि वाफेच्या पाइपांवरचे लॅगिंग (उष्णता रोखणारे आवरण) फोडणे हे काम माझ्याकडे असे. तोंडाला उपरणे बांधण्यापलीकडे संरक्षण नव्हते. आता वय 64 आहे. दोन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे आणि जिना चढताना दम लागतो. टीबीच्या शंकेने थुंकी तपासली, पण त्यात काही निघाले नाही. बिडी अजून दिवसाला चार-पाच होतात. इतक्या वर्षांपूर्वीच्या धुळीचा या खोकल्याशी संबंध असू शकेल का?
— एक वाचक, ता. केज

उत्तर : असू शकेल. मधली वर्षे लोटली म्हणून धोका टळला, असे या धुळीच्या बाबतीत धरता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक असतात की ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी आतल्या कप्प्यांपर्यंत जातात आणि शरीरातील पेशींना त्यांतले लांब तंतू गिळून संपवता येत नसल्याने ते तिथेच वर्षानुवर्षे टोचत राहतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा कर्करोग साधारणपणे पंधरा ते पस्तीस वर्षांनी, तर फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग त्याहूनही उशिरा, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. मात्र आपल्याला कर्करोगच झाला आहे, असे पत्रावरून मुळीच म्हणता येणार नाही. हीच लक्षणे अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये, म्हणजे धुळीमुळे फुप्फुस निबर होण्याच्या आजारात, बिडीमुळे झालेल्या दम्यासारख्या विकारात आणि हृदयविकारातही आढळतात.

आपण छातीचा एक्स-रे काढला असल्यास तो घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात छातीच्या विकारांच्या विभागात जावे. एक्स-रेत न दिसणारे बदल सीटी स्कॅनमध्ये दिसू शकतात. त्यात गाठ आढळली, तर तुकडा काढून तपासल्याखेरीज निदान पक्के होत नाही. सीटीच्या अहवालात आवरणावर चट्टे असल्याचे लिहून आले, तर ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काची खूण समजावे. ते चट्टे म्हणजे कर्करोग नव्हे. पुढील उपचारांची गरज पडलीच, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. खोकल्यातून रक्त पडले किंवा वजन उतरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नये.

या सगळ्यात एक गोष्ट बहुधा राहून जाते आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ किंवा ‘सेवानिवृत्त’ एवढेच लिहिले जाते. आपण मात्र ‘1986 ते 2017, बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी व लॅगिंग काढण्याचे काम’ असे स्पष्ट सांगून लिहून घ्यावे, कारण तपासणीची दिशा त्यावर ठरते आणि हक्कही त्यावरच उभा राहतो. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नमूद होते; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली असून तिच्या तिसऱ्या अनुसूचीतही ते आहेत. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद ट्रंकेतून काढून एकत्र ठेवावेत.

बिडीबद्दल मात्र भिडेखातर सौम्य लिहिणे योग्य होणार नाही. अमेरिका आणि कॅनडातील लॅगिंग कामगारांच्या 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूळही नाही आणि धूम्रपानही नाही अशांच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे अकरापट आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नासपटींहून अधिक आढळला होता. फुप्फुसात गेलेली धूळ आता काढता येत नाही. बिडी आजपासून सोडता येते आणि 64 व्या वर्षी सोडली तरी धोका पुढे कमी होत जातो.

आपल्या घरच्यांचा उल्लेख पत्रात नाही, तरी विचारतो : कामावरचे कपडे घरी कोण झटकून धूत असे? कामगारांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीमुळे त्यांच्या पत्नींना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. त्यांना काही त्रास असल्यास त्यांच्याही केसपेपरवर ही माहिती द्यावी.

प्रश्न : आमच्या घरावर वीस वर्षांपासून सिमेंटचे पत्रे आहेत. ते तातडीने काढावेत का?
— एक वाचक, औसा

उत्तर : पत्रे धड असतील तर घाई करू नये. त्यांतले अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटमध्ये बांधलेले असते. पत्रा कापताना, भोके पाडताना, तारेच्या ब्रशने घासताना किंवा फोडताना ते मोकळे होते. काढायचेच झाले, तर पत्रे पाण्याने भिजवून, हुक सोडवून अखंड उतरवावेत, मुलांना त्या दिवशी दूर ठेवावे आणि खाली पडलेला चुरा कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपावा. फुटक्या तुकड्यांचा अंगणात किंवा गोठ्यात भराव घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती टाळावी. जनावरांच्या खुरांखाली ते तुकडे रोज थोडेथोडे दळले जातात.