नूडल्सच्या पाकिटातलं मीठ : वाचकांचे प्रश्न

कॉलेजं सुरू झाली की इन्स्टंट नूडल्सबद्दलचे प्रश्न वाढतात. वसतिगृहातली मुलं विचारतात, त्यांचे पालकही विचारतात, आणि गोंधळ दरवेळी तोच असतो. बरेचसे प्रश्न कुठूनतरी आलेल्या मेसेजवरून पडलेले असतात. खरी काळजी करावी असा प्रश्न मात्र क्वचितच येतो. या वेळी तो आला आहे.

प्रश्न : नूडल्सवर मेणाचा थर असतो आणि तो आतड्यात साचतो, हे खरं का?

नाही. पट्ट्या वाफवून तेलात तळतात, बहुधा पामतेलात. त्यातलं पाणी निघून जातं आणि म्हणूनच त्या टिकतात. काळजी करायचीच असेल तर त्या तेलाची करा.

प्रश्न : अजिनोमोटोमुळे मेंदूवर परिणाम होतो म्हणे. नूडल्स त्यासाठी बंद कराव्यात का?

त्यासाठी नको. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. यातलं ग्लुटामेट टोमॅटोत आणि चीजमध्येही निसर्गतःच असतं. ही भीती पसरली ती 1968 साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून. नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर ते मेंदूला इजा करतं, असं त्यानंतरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. काहींना जास्त प्रमाणात घेतल्यावर तात्पुरती डोकेदुखी जाणवते. तुम्हाला दरवेळी तसा त्रास होत असेल तर नूडल्स टाळा आणि डॉक्टरांना सांगा. ‘अजिनोमोटो नाही’ एवढं ठळक छापलेलं पाकीट मात्र आरोग्यदायी समजू नका. त्यात मीठ किती, हे त्या ओळीवरून कळत नाही.

प्रश्न : पाकिटामागे सोडियमचा आकडा फार मोठा दिसत नाही. मग सगळे मिठाचा एवढा बाऊ का करतात?

आकडा कशाचा आहे, हे आधी पाहा. 100 ग्रॅमचा, एका ‘सर्व्हिंग’चा, की अख्ख्या पाकिटाचा? एकाच पाकिटाच्या दोन सर्व्हिंग्ज धरून तक्ता छापलेला मी पाहिला आहे. भुकेला विद्यार्थी अर्धं पाकीट बाजूला ठेवत नाही, हे विकणाऱ्यांनाही ठाऊक असतं. आकडा निम्मा दिसावा यासाठीची ही मांडणी मला अप्रामाणिक वाटते.

दुसरं म्हणजे तिथे सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नव्हे. सोडियमला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. समजा, 100 ग्रॅममध्ये 1200 मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट 70 ग्रॅमचं. मग पाकिटात 840 मिलिग्रॅम सोडियम झालं, म्हणजे 2.1 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. जागरणात दोन पाकिटं संपवली तर 4.2 ग्रॅम तिथेच झालं. दिवसभराचं जेवण, वेफर्स, सॉस, ब्रेड यांतलं मीठ अजून धरलेलंच नाही. कित्येक पाकिटांत, विशेषतः रस्सेदार कप नूडल्समध्ये, याहूनही जास्त मीठ असतं. ‘तळलेले नाहीत, बेक केलेले आहेत’ असं लिहिलं असेल तर तेल कमी असेल, पण मीठ कमी असेलच असं नाही.

मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच त्रास देत नाही. विशीतला मुलगा तो मोजून घेत नाही, घरचेही आठवण करत नाहीत. तोवर रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडं भार सोसत राहतात. आई-वडिलांपैकी कुणाला उच्च रक्तदाब असेल, तर तुमचा आत्ताच मोजून घ्या. थोडा जरी जास्त आला तरी डॉक्टरांना दाखवा, ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ‘कमी सोडियमचं मीठ’ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असू शकतं आणि अशा रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं.

प्रश्न : कोरड्या नूडल्स मसाला भुरभुरून तशाच खाल्ल्या तर?

त्या आधीच शिजवलेल्या असतात, विषारी नाहीत. मीठ तेवढंच पोटात जातं.

प्रश्न : आठवड्यातून किती वेळा खाल्लेल्या चालतील?

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. दक्षिण कोरियातल्या प्रौढांचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांचा एकत्रित बिघाड, अधिक आढळला. पुरुषांमध्ये तसा संबंध दिसला नाही. नूडल्समुळेच हे झालं, असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. तरी रोज एक जेवण नूडल्सवर भागवू नका, हे मी ठामपणे सांगेन. वजन, साखर किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे. रात्रीचं जेवण बहुधा नूडल्सच. सहा महिन्यांपासून थकवा आहे, केस गळतात, जिना चढताना धाप लागते. मैत्रिणीने सांगितलेल्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

सहा महिने थांबायला नको होतं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, थायरॉइड यांपैकी काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. मैदा आणि तेलावर काढलेल्या जेवणातून लोह आणि प्रथिनं पुरेशी मिळत नाहीत, पण तुमच्या थकव्याचं कारण तेवढंच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. त्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. त्या लोहाच्या असतील तर लक्षात ठेवा, लोहाच्या गोळ्या सरसकट सगळ्यांसाठी नसतात.

प्रश्न : मसाला निम्माच टाकला तर फायदा होतो का?

होतो. पट्ट्यांमध्येही थोडं मीठ असतंच. त्या आधी नुसत्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या, मग निम्मा मसाला घाला, आणि सोबत अंडं किंवा उकडलेली कडधान्यं आणि मूठभर भाजी घ्या. रस्सा उरला तर पिऊन संपवू नका.