वर्डमध्ये मराठी अक्षर मोठं होईना?

प्रश्न : आमच्या मंडळाचं गणपतीचं पत्रक मराठी-कन्नड दोन्हीत करालोय. कंट्रोल डी दाबून फॉन्ट बदलला, साइज 18 केली, तर फक्त मोबाइल नंबर आणि इंग्रजी नाव मोठं झालं, मराठी आहे तसंच. काय करू सर?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचा कॉम्प्युटर बरोबर आहे, काळजी करू नका. वर्ड इंग्रजीसाठी एक फॉन्ट ठेवतं आणि आपल्या लिप्यांसाठी वेगळा, कंट्रोल डीनं उघडणाऱ्या त्या डायलॉगमध्ये वर लॅटिन टेक्स्ट (म्हणजे इंग्रजी) असतं आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स (म्हणजे आपल्या लिप्या), तुम्ही वरचं बदललंत, मराठीचा फॉन्ट, साइज, बोल्ड सगळं खालच्या भागात करायचं. तो भाग दिसतच नसेल तर ऑप्शन्समधल्या लँग्वेजमध्ये जाऊन मराठी ॲड करा, वर्ड बंद करून परत उघडा.

आता आपल्या भागातली खरी अडचण बघा, कन्नडसुद्धा त्याच खालच्या खान्यात येतं. तिथं मंगल हा फॉन्ट दिलात तर त्यात कन्नड अक्षरंच नाहीत, मग वर्ड कन्नडला स्वतःच्या मनानं दुसरा फॉन्ट लावतं आणि दोन भाषा शेजारी शेजारी बेंगरूळ दिसतात. निर्मला यूआय हा फॉन्ट घ्या, देवनागरी आणि कन्नड दोन्ही एकाच घडणीची मिळतात, विंडोज 8 पासून तो आहेच.

आणि वेलांट्या, रफार वरून कापल्यासारखे दिसले तर पॅराग्राफमध्ये लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली असेल, ते सिंगल करा. प्रेसला देताना मात्र पीडीएफच द्या.