सूज उतरली, मग पित्ताशय आत्ताच का काढायचं?

प्रश्न: सासूबाईंना (वय ५४) दाल-बाफल्यांचं जेवण झाल्यावर रात्री पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखू लागलं, कळ पाठीत गेली, उलट्या झाल्या. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचा पाचकरस) १,८४० आलं, सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे. स्वादुपिंडाची सूज म्हणून दाखल केलं. दुसऱ्याच दिवशी खायला दिलं, अँटिबायोटिक नाही, लायपेजही पुन्हा तपासलं नाही. आता चौथ्या दिवशी बऱ्या आहेत, तर डॉक्टर म्हणतात, पित्ताशय काढूनच घरी जा. एवढी घाई कशाला?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: घाई नाही, हीच योग्य वेळ आहे. बाफल्यांवरच्या तुपाला दोष देऊ नका. तुपकट जेवणानं पित्ताशय जोरात आकुंचन पावतं, एवढंच. मूळ दुखणं खड्याचं. बारीक खडे जास्त त्रासदायक, कारण ते सहज नळीत घसरतात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्यात बहुधा एकाच तोंडाशी उघडतात. तिथे खडा अडकला की पाचकरस स्वादुपिंडातच सक्रिय होऊन त्यालाच पचवू लागतात. तो खडा बहुतेकदा आपोआप पुढे सरकतो, दुखणं थांबतं. पण पित्ताशयात बाकीचे आहेतच ना! नेदरलँड्समधल्या २०१५ च्या अभ्यासात सौम्य सूज असलेल्या रुग्णांपैकी सुमारे महिनाभर थांबलेल्यांत खड्यांमुळे पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू १७ टक्के, त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत ५ टक्के होता.

अशी कळ असताना लायपेज सामान्य मर्यादेच्या तिपटीवर गेलं की निदानाला पुरतं. आकडा मोठा म्हणून आजार मोठा असं नसतं, रोज तपासून पैसे वाया जातात. लक्ष ठेवायचं ते लघवी, नाडी, श्वास आणि क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी). सलाईनही (रिंगर लॅक्टेट) बेतानं : शरीर कोरडं पडलं असेल तर आधी थोडं जास्त, नंतर तासाला किलोमागे साधारण दीड मिलिलिटर, म्हणजे ६० किलोंच्या माणसाला ९०. त्याहून भरमसाट दिलं तर फुप्फुसांत पाणी साठू शकतं. अँटिबायोटिक फक्त संसर्ग असेल तर. आणि उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडा : उलट्या थांबून भूक लागली की हलकं, कमी तेलातुपाचं अन्न द्यावं.

डॉक्टरांना एवढं विचारा : बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातला घटक) उतरतंय का, नळीत खडा उरला आहे का? उरला असेल तर तो आधी दुर्बिणीनं काढतात. स्वादुपिंडाचा भाग मृत झाला असेल किंवा भोवती पाणी साठलं असेल, तर मात्र शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलणं बरोबर. तेवढ्या काळात ताप, कावीळ किंवा पुन्हा तशीच कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि सराफा बाजारातले गराडू (तळलेला कंद) तोवर बंद.