बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर कोणती लिनक्स टाकू? उबंटू टाकलं तर वाय-फाय गायब आणि घड्याळ साडेपाच तास पुढे

तुमच्या प्रश्नातून मला जे कळलं ते असं, की लॅपटॉप 2015 चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्यावर बसत नाही म्हणून तुम्ही विंडोज ठेवून शेजारी उबंटू ही लिनक्स टाकलंत. आता वाय-फाय दिसत नाही, घड्याळ चुकतंय, आणि बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक, त्यांचं वीस वर्षांचं लिखाण श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. उबंटू काढून दुसरी कुठली टाकू असं विचारलंय.

आधी वाय-फाय नीट करा, मग बदलायचं की नाही ते बघू. कारण काय होतं, माणूस वाय-फाय चालत नाही म्हणून एक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, काढतो, दुसरी टाकतो, तिथेही तेच, मग तिसरी, आणि आठवड्याने म्हणतो लिनक्स बेकार आहे. तो दोष डिस्ट्रोचा नसतो, आतल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा छोटा प्रोग्राम, वेगळा टाकायला लागतो एवढंच. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर ओपन सोर्स नाही, म्हणून तो आपोआप येत नाही. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एलएसपीसीआय (lspci) ही कमांड द्या, त्यात नेटवर्क कंट्रोलर लिहिलेली ओळ असते तिथे चिपचं नाव दिसेल. आता ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेट नाही, तर मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला वाटतं लॅनची वायर लावली. मग उबंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा, लिनक्स मिंट या दुसऱ्या डिस्ट्रोत त्यालाच 'ड्रायव्हर मॅनेजर' म्हणतात, तिथे ब्रॉडकॉमचा पर्याय दिसेल तो निवडा.

इथे एक जागा आहे जिथे दहातले आठ जण अडकताना मी बघितलेत. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम सुरू होताना अडवणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. तुम्ही ठरवता, रीस्टार्ट करता, आणि एक निळा स्क्रीन येतो, इंग्रजीत कुठलीही की दाबा म्हणतो आणि दहापासून उलटे आकडे मोजतो. आपण तेव्हा चहा आणायला उठलेलो असतो! आकडे संपले की तो गपचूप पुढे जातो, ड्रायव्हर टाकलेला असतो पण चालत नाही, आणि का ते कुठेच लिहून येत नाही. तर तिथे बसून राहा, की दाबा, 'एनरोल मॉक' (Enroll MOK, म्हणजे त्या ड्रायव्हरला परवानगी) निवडा, मघाचा पासवर्ड द्या. नाहीतर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करा, पण विंडोज ठेवायचंय आणि त्यावर बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

घड्याळाचं कारण तर साडेपाच या आकड्यातच आहे. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात आपली भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स समजतं ती ग्रीनिचची वेळ आहे आणि त्यात साडेपाच तास मिळवतं. नेट आलं की लिनक्स स्वतःची वेळ सुधारेल, पण मग विंडोज उघडल्यावर तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, घाबरू नका. टाइमडेटसीटीएल कमांडमध्ये सेट-लोकल-आरटीसी ला 1 दिलं (timedatectl set-local-rtc 1) की दोघांचं पटतं. आणि विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइल्स उघडतात पण सेव्ह होत नाहीत.

आता कोणती घ्यायची ते. 4 जीबीवर उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप चालतो पण ब्राउझरचे पाच टॅब उघडले की दम लागतो. मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती टाकीन. मिंट 22 उबंटू 24.04 वरच बांधलेली आहे म्हणजे ड्रायव्हरचं वर सांगितलेलं सगळं तिथे तसंच लागू, अपडेट 2029 पर्यंत मिळणार, आणि खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या माणसाला हात कुठे न्यायचा ते विचारावं लागत नाही. डेबियन ही डिस्ट्रो मला स्वतःला जास्त आवडते, मी घरी तेच वापरते, पण दुसऱ्याच्या वडिलांसाठी मिंट. कोणी तुम्हाला बॉस लिनक्स सुचवेल, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं आहे, भारतीय भाषांसाठी केलेलं आहे, पाया डेबियनचाच, पण अडलं तर उत्तर शोधताना मिंटवर शंभर जणांनी तेच विचारलेलं सापडतं, हा फरक घरच्या वापरात फार मोठा आहे. आर्च वगैरे अवघड डिस्ट्रोंचा सल्ला देणाऱ्यांचं या वेळी ऐकू नका.

आयएसओ (लिनक्स टाकायची फाइल) उतरवल्यावर चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा, जुळवून बघाच. फेब्रुवारी 2016 मध्ये मिंटचीच वेबसाइट हॅक होऊन तिथे बिघडवलेल्या आयएसओची लिंक लावली गेली होती, तेव्हा जुळवून बघणारे वाचले.

पण टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकताच, चालवा, इन्स्टॉलचं बटण दाबू नका, आणि एक संध्याकाळ बाबांनाच समोर बसवा. आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, घरातला प्रिंटर छापतो का. एचपीचा असेल तर बहुतेक लगेच चालतो, काही छोट्या लेसर प्रिंटरचे ड्रायव्हर मात्र रडवतात. आणि मग मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इंडियनच्या खाली मराठीचे लेआउट आहेत, उच्चाराप्रमाणे लिहायचा फोनेटिकही आहे आणि भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट इनस्क्रिप्टही. इनस्क्रिप्ट असेल तर बाबांना 'वाऱ्यावर' लिहायला सांगा. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून हलन्त, मग य. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी हाच शब्द लिहून बघितला होता, कारण मोबाइलवर त्यांना कायम 'वार्यावर' असं रफार चढलेलं मिळायचं आणि ते चिडायचे. स्क्रीनवर ऱ्य बरोबर उमटला तेव्हा काही बोलले नाहीत, फक्त खाली 'तऱ्हा' आणि 'सुऱ्या' लिहून बघितलं आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. अक्षरं फुटत असतील तर लोहित देवनागरी फॉन्ट टाका, रेड हॅटच्या आपल्या पुण्यातल्या मंडळींनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

श्रीलिपीचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि तुम्ही तो शेवटी एका ओळीत लिहिलात. त्या फाइल्समध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट नसला की कंस आणि टक्के दिसतात. म्हणून विंडोज पुसायच्या आधी त्यातले श्रीलिपीचे सगळे फॉन्ट कॉपी करून घ्या आणि लिनक्समध्ये टाका, मग लिब्रे ऑफिसमध्ये वर्डच्या फाइल्स वाचता येतील. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स असतील तर त्या विंडोज आहे तोवर पीडीएफ करून ठेवा. मग सवडीने कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (जिथे खरीच मराठी अक्षरं साठवली जातात) आणायच्या, आणि प्रत्येक पान डोळ्याखालून घालायचं, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. हे काम बाबांइतकं चांगलं दुसरं कोणी करणार नाही.

बॅकअप मात्र आधी, दोन ठिकाणी. 2014 साली मी मावशीच्या कॉम्प्युटरवर घाईत 'इरेज डिस्क' निवडलं आणि तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो गेले, अल्बममधले चाळीसेक उरले तेवढेच. मावशी एका शब्दाने बोलली नाही पण मला अजून ते आठवतं. तुमच्याकडे वीस वर्षांचं लिखाण आहे, हार्ड डिस्क दहा वर्षं जुनी आहे, ती कशीही जाऊ शकते.

त्यावरूनच, पुण्यातल्या तापकीर गल्लीत जाऊन 240 किंवा 256 जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणा, आणि जमलं तर 4 जीबी रॅम, पण डीडीआर-3-एल, 1.35 व्होल्टची, दुकानदाराला जुनी काढून दाखवा म्हणजे चूक होत नाही. वेग सगळ्यात जास्त एसएसडीनेच वाढेल, डिस्ट्रो बदलून तेवढा वाढणार नाही. आणि लिनक्स त्या नव्या एसएसडीवर टाका, जुनी डिस्क विंडोजसकट तशीच काढून कपाटात ठेवा, म्हणजे श्रीलिपीही शाबूत आणि पुसायची भीतीच नको.

आज रात्री टेदरिंग करून बघा आणि एलएसपीसीआयमधली ती नेटवर्कची ओळ इथे खाली टाका. चिप ब्रॉडकॉमची नसून रियलटेकची निघाली तर रस्ता वेगळा आहे, तो मी लिहिते.